पाताळगंगेकाठी एका पेयाचा शोध

लोणावळ्याच्या पठारावर पडणारे पावसाचे पाणी इंद्रायणीच्या वाटेने देहू-आळंदीकडे, तेथून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी पूर्वसमुद्रात जावे, असा सृष्टीचा मूळ दस्तूर होता. परंतु टाटांच्या जलविद्युत कंपनीने लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे बांध घालून ते पाणी अडवले, लोखंडी नळांतून सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे सतराशे फूट खाली सोडले, आणि १९१५ सालापासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवून मोकळे झालेले ते पाणी खोपोलीच्या वीजघराबाहेर पडून पाताळगंगेत मिसळते व पश्चिमेच्या खाडीला जाऊन मिळते. कोकणातल्या बहुतेक नद्या माघ-फाल्गुनात आटून दगडगोटे उघडे टाकतात; पाताळगंगा मात्र वैशाखातही वाहती असते, याचे कारण हे घाटावरून उतरलेले पाणी होय. नदीच्या या बारमाही प्रवाहामुळेच खालापूर तालुक्यात कारखाने आले, वसाहती आल्या, आणि ज्या एका पेयाचा मी या मुलुखात शोध घेत होतो, त्याच्या निर्मितीला योग्य प्रदेशही हाच ठरला.

साजगाव हे खोपोलीला लागूनच वसले आहे. भातखाचरे अजून आहेत, पण त्यांच्या बांधाला पोलादाच्या कारखान्याची भिंत भिडलेली दिसते. जुन्या कौलारू घरांच्या मागे चार मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग हाकेच्या अंतरावरून जातो आणि त्यावरून रोज जाणाऱ्या असंख्य लोकांपैकी फार थोड्यांना या गावाचे नाव ठाऊक असते. मावळच्या आणि कोकणच्या ग्रामीण माणसाला मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे, कारण कार्तिकी एकादशीपासून सुमारे पंधरवडाभर येथे ताकईच्या विठोबाची यात्रा भरते. देहूचे तुकोबा व्यापाराच्या निमित्ताने मिरचीच्या गोण्या लादून घाट उतरले आणि या स्थळी थांबले, अशी परंपरा आहे. पंढरीला जाणे न साधलेले वारकरी येथे येऊन दर्शन घेतात. यात्रेचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे सुक्या मासळीचा प्रचंड बाजार. समुद्रकाठाहून आलेले बोंबील, सोडे, जवळा यांचे ढीग आणि घाटावरून आलेल्या घोंगड्या एकाच वाटेवर विकल्या जातात, आणि लोक या देवाला प्रेमाने बोंबल्या विठोबा म्हणतात. कोकण आणि देश यांची देवघेव जेथे शतकानुशतके चालत आली, असे हे ठिकाण आहे.

कोणत्याही अपरिचित गावी गेल्यावर तेथील अन्न चाखावे, हा प्रवासाचा शिरस्ता आपण सगळेच पाळतो. तेथील पेयाविषयी मात्र मराठी सुशिक्षित मनुष्य संकोचाने बोलतो किंवा बोलतच नाही. जर्मनीतल्या एखाद्या लहानशा गावात गेलेला प्रवासी तेथील भट्टीची बिअर मागतो, आणि ती पिताना त्या गावच्या पाण्याचा, धान्याचा व कारागिराचा परिचय करून घेतो. त्यात बेताल मद्यपानाचा संबंध नसतो, उलट एका पेल्यापुढे जाण्याची पुष्कळांना इच्छाही नसते. अलीकडे पुण्यामुंबईत ज्याला क्राफ्ट बिअर म्हणतात, ती याच दृष्टीची आहे: लहान प्रमाणावर, एका ठिकाणी, जाणत्या हाताने बनवलेली, बहुधा शेवटी न गाळलेली व टिकवण्यासाठी पुन्हा न तापवलेली, म्हणून लवकर संपवावी लागणारी. कर्जत-खालापूरच्या या सीमेवर, जेथे शहर संपले आहे असे म्हणवत नाही आणि गाव उरले आहे असेही म्हणवत नाही, तेथे असे काही मिळते का, आणि मिळत नसेल तर का मिळत नाही, हे पाहावे, या हेतूने मी साजगावास गेलो होतो.

मुंबईहून खोपोलीस जाणारी लोकल डोंबिवलीवरून जाते. गाडीत गर्दी असते आणि डोंबिवली स्थानकावर ती आणखी वाढते. त्या गर्दीत कोणाच्या मनात येणार नाही, पण याच डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या आणि रंगांच्या कारखान्यांच्या शेजारी, ‘गेटवे ब्रुइंग कंपनी’ने गव्हाची आणि इतर प्रकारची ताजी बिअर तयार करण्यास २०१४ च्या सुमारास प्रारंभ केला. पिंपांतून ती मुंबईच्या उपाहारगृहांत जाऊ लागली. ज्या उपनगराची ख्याती नाट्यवेड, ग्रंथवेड आणि शिक्षकांची घरे यांसाठी आहे, तेथे हा उद्योग निघावा, ही मला महत्त्वाची गोष्ट वाटते; कारण लहान भट्टीला विलासाची जागा लागत नाही, तिला पाणी, वीज, सांडपाण्याची व्यवस्था आणि अबकारी अधिकाऱ्याचा दाखला लागतो, आणि या चारही गोष्टी उपनगरांतच सुलभ असतात. डोंबिवलीची बिअर डोंबिवलीकराला मात्र ओळखीची नाही. ती जन्मस्थानी न थांबता थेट नगरात जाते.

कर्जत ओलांडून गाडी खोपोलीच्या फाट्यावर वळते. हा फाटा आज दुय्यम वाटतो, परंतु १८५६ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे खोपोलीपर्यंत आली तेव्हा तो मुख्य मार्ग होता. पुढे घाट होता आणि घाटावरचा लोहमार्ग १८६३ साली खुला होईपर्यंत प्रवासी व माल यांना येथे उतरून पालखी, तट्टू किंवा हमालाच्या पाठीने खंडाळा गाठावा लागे. पुण्याच्या इंग्रजी छावणीकडे जाणारे सामानही याच चढावरून वर गेले असणार, आणि त्यात विलायती बिअरची पिंपे नसतील असे मानणे कठीण आहे. लंडनच्या बो भागातील हॉजसन नावाच्या भट्टीवाल्याची फिकी, कडवट बिअर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांवर चढून हिंदुस्थानात येत होती. पुढे बर्टन गावच्या भट्ट्यांनी तो व्यापार आपल्याकडे ओढला आणि त्या बिअरला हिंदुस्थानच्या नावाने जगभर मान्यता मिळाली. आपल्या देशाचे नाव लाभलेले ते पेय आपल्या देशात जन्मले नाही. ते आपल्या देशातल्या गोऱ्या साहेबासाठी जन्मले.

साजगाव-खोपोलीच्या रस्त्यांवर परमिट रूम आहेत, बिअर शॉपी आहेत, सरकारमान्य देशी दारूची दुकाने आहेत. कार्तिकी एकादशीला ती सर्व बंद असतात, कारण आषाढी आणि कार्तिकी या दोन्ही एकादश्या राज्यात मद्यविक्रीबंदीच्या दिवसांत मोडतात; दुसऱ्या दिवशी यात्रेचा व्यवहार चालू असताना तीही उघडतात. एका बिअर शॉपीत मी येथेच बनलेली बिअर आहे का, अशी पृच्छा केली. दुकानदाराने शीतपेटीकडे हात दाखवून कोणत्या कंपनीची हवी, असे विचारले. माझा प्रश्न त्याला कळला नाही असे नाही, पण त्याच्या व्यवसायात तो प्रश्न कोणी विचारतच नसावा. शीतपेटीत बहुतांश बाटल्या ‘स्ट्राँग’ होत्या, म्हणजे ज्यांत मद्यार्काचे प्रमाण पाच टक्क्यांहून अधिक आणि आठ टक्क्यांपर्यंत असू शकते अशा. दिवसभर भट्टीपुढे उभा राहणारा कामगार कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त अंमल मागतो, आणि कारखानदार तो पुरवतो. यात कोणाचा दोष काढावा हे मला सुचत नाही, पण या मागणीने बिअरच्या चवीचा विचार या बाजारातून हद्दपार केला आहे, एवढे निश्चित. बाटल्यांवरचे पत्ते वाचले तर काही तळोज्याचे, काही छत्रपती संभाजीनगरचे. वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यातील बिअरच्या कारखान्यांमुळे ते शहर या धंद्याची राजधानी बनले. आणि मराठवाड्यात पाण्याचा दुष्काळ पडला तेव्हा, २०१६ च्या एप्रिलमध्ये, उच्च न्यायालयाच्या तेथील खंडपीठाला मद्यनिर्मितीच्या कारखान्यांचे पाणी साठ टक्क्यांनी तोडण्याचा आदेश द्यावा लागला. जेथे माणसांना टँकरची वाट पाहावी लागते तेथे बिअर उकळावी, आणि जेथे घाटावरचे पाणी बारा महिने वाहते तेथे ती बाटलीतून आणावी, हा व्यवहार धान्याच्या किंवा पाण्याच्या तर्काने ठरलेला नाही.

परंतु खोपोलीचा पत्ताही बाटल्यांवर आहे. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या ‘ओल्ड मंक’ रमच्या बाटलीवर ‘मोहन रॉकी स्प्रिंगवॉटर ब्रुअरीज, खोपोली’ असे छापलेले पुष्कळांनी पाहिले असेल, पण ते ठिकाण कोठे आहे याचा विचार क्वचितच कोणी केला असेल. ते याच टापूत आहे. या नावामागची परंपरा मोठी आहे. १८५५ साली एडवर्ड डायर याने कसौलीच्या डोंगरावर बिअरची भट्टी घातली, आणि पुढे ती सोलनला हलवली, कारण तेथील झऱ्याचे पाणी तिला मानवले. जालियनवाला बागेत गोळीबार करणारा जनरल डायर हा याच एडवर्डचा मुलगा. पुढे डायर आणि मीकिन या दोन घराण्यांचे कारखाने एकत्र आले; स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, नरेंद्रनाथ मोहन यांनी ते विकत घेतले, आणि १९५४ मध्ये ‘ओल्ड मंक’ बाजारात आली. ज्या घराण्याच्या नावाने हिंदुस्थानच्या काळजावर घाव घातला, त्याच घराण्याने उभारलेला उद्योग स्वतंत्र हिंदुस्थानच्या माणसाने आपला केला, हे या कथेतील मला सर्वांत समाधान देणारे प्रकरण आहे. कारखान्याच्या नावातच झऱ्याचे पाणी आहे. डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या भट्टीला ते शोभतेही.

मग हेच साजगावचे स्थानिक पेय मानावे काय? मला तसे म्हणवत नाही, आणि त्याचे कारण कारखान्याच्या गुणवत्तेशी संबंधित नाही. ज्या पेयाची कृती दूरच्या मुख्य कार्यालयात ठरते, ज्याची चव सोलनमध्ये, लखनौत आणि खोपोलीत एकसारखी असावी असा ज्याचा उद्देश असतो, त्याने स्थानाची खूण आपल्या अंगावर वागवू नये हेच त्याचे यश होय. लहान भट्टीचा उद्देश याच्या उलट असतो.

बिअर होते कशी, हे थोडक्यात सांगितल्याशिवाय पुढचे म्हणणे स्पष्ट होणार नाही. जव भिजवून त्याला मोड आणतात, मोड पुरता वाढण्याआधी उष्ण हवेने वाळवतात, आणि या वाळलेल्या धान्याला माल्ट म्हणतात. ते भरडून पासष्ट अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात तासभर मुरवले की धान्यातील पिष्टाची साखर होते. तो गोड रस गाळून उकळतात, उकळताना त्यात हॉप्सची कडवट, सुगंधी फुले घालतात, थंड करतात आणि यीस्ट मिसळतात. यीस्टच्या जातीवर पुढचे सर्व अवलंबून असते: एल नावाच्या प्रकाराचे किण्वन अठरा ते बावीस अंशांच्या उबेत आठवड्या-दोन आठवड्यांत पुरे होते, तर लागरला आठ ते बारा अंशांचा गारवा आणि पुढे कित्येक आठवड्यांची विश्रांती लागते. कोकणच्या दमट उन्हाळ्यात हा गारवा यंत्रानेच निर्माण करावा लागतो, म्हणून बिअरच्या खर्चात विजेचा वाटा मोठा असतो.

या सर्व जिनसांत स्थानिक काय? जव येतो राजस्थान-हरियाणाकडून, उत्तम माल्ट पुष्कळदा जर्मनीहून. हॉप्स बहुतांशी परदेशातून, आणि थोडे हिमाचलातील लाहौलच्या खोऱ्यातून. पाणी मात्र येथलेच, आणि बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. बर्टनचे पाणी जिप्सममुळे जड, म्हणून तेथे कडवट फिकी एल खुलली. बोहेमियातील पिल्झनचे पाणी अत्यंत मृदू, म्हणून १८४२ साली तेथे जी सोनेरी लागर प्रथम गाळली गेली तिने जगाची चव बदलली. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर पडून तलावात साठलेले पावसाचे पाणी स्वभावतः मृदू असते. तेव्हा खोपोलीच्या परिसरात कोणी जाणता कारागीर भट्टी घालून बसला, तर त्याने पिल्झनच्या कुळातील हलकी बिअर करावी, असे हे पाणीच त्याला सुचवील. तीत तांदळाचाही वाटा असू शकतो. तांदूळ मिसळल्याने बिअर हलकी होते हे मोठे कारखानदार केव्हापासून जाणतात. आणि कर्जत येथे तर कोकण कृषी विद्यापीठाचे भातसंशोधन केंद्र आहे, ज्याने ‘कर्जत’ नावाच्या अनेक जाती शेतकऱ्यांच्या हाती दिल्या. एका तालुक्यात पाणी, शेजारच्या तालुक्यात तांदूळ, आणि दोन्हींच्या मधून धावणारी लोकल; एवढे सगळे असताना त्या पेयाचा पेला येथे नाही.

पुण्यात तो आहे. २००९ साली कोंढव्याच्या बाजूला एका हॉटेलच्या आवारात ‘डूलाली’ने राज्यातील पहिली लहान भट्टी सुरू केली, तेव्हा गढूळ दिसणारी बिअर ही खराब झालेली बिअर नव्हे, हे गिऱ्हाइकांना समजावण्यापासून त्यांना आरंभ करावा लागला. पुढे ‘इंडिपेन्डन्स’, ‘एफिनगट’, ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ अशी नावे येत गेली, आणि यांपैकी शेवटच्यांनी कोकमाची खारट-आंबट एल करून कोकणच्या फळाला पेल्यात स्थान दिले. २०१८ च्या सुमारास ‘मूनशाइन’ने पुण्यातच मधापासून मीड गाळण्यास सुरुवात केली. मुंबईत ‘बार्किंग डीअर’ने २०१३ साली लोअर परळच्या गिरणभागात शहरातील पहिली अशी भट्टी घातली. खोपोलीच्या वीजघराने ज्या गिरण्या चालवल्या, त्यांच्याच मोहल्ल्यात. हे सर्व प्रयत्न मी आदराने पाहतो. हे लोक कुशल आहेत आणि आपल्या कामावर त्यांचे प्रेम आहे. परंतु त्यांच्या पेल्याची किंमत साजगावच्या कारखान्यातील कामगाराच्या दिवसाच्या रोजाचा मोठा भाग गिळील, आणि त्यांच्या परवान्याचा व यंत्रसामग्रीचा खर्च साजगावच्या कोणा तरुणाला पेलणार नाही. स्थानिक पेयाचा पुनर्जन्म नगरात झाला आहे, तोही नगरातल्या सधन वस्त्यांत.

मी पुनर्जन्म म्हणतो, कारण पहिला जन्म या मुलुखात केव्हाच झाला होता. कर्जत-खालापूरच्या रानात ताड आहेत. ताडाचा कोवळा मोगर छाटून त्याखाली गाडगे बांधले की पहाटेपर्यंत गोड रस साचतो, हवेतील व गाडग्यातील किण्व आपोआप कामाला लागतात, आणि दुपारपर्यंत त्या रसाची आंबूस, फेसाळ ताडी होते. तिचे मद्यार्काचे प्रमाण चार-पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साध्या बिअरइतकेच. ती न गाळलेली, जिवंत, त्या दिवशीच पिण्याची, त्या झाडाच्या जागेची खूण घेऊन आलेली असते. क्राफ्ट बिअरचे सर्व अभिमानाचे गुण तिच्या ठायी कोणत्याही यंत्रावाचून आहेत. आणि डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांत, ठाकर व कातकरी समाजाच्या वस्तीत, मोह होता. चैत्राच्या आधी-मागे पहाटे झाडाखाली मोहाच्या फुलांचा सडा पडतो. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग साखर असते. ती फुले भाजून खावीत, भाकरीत मिसळावीत, दुष्काळात त्यांवर दिवस काढावेत, आणि सणाला व देवकार्याला त्यांची दारू गाळावी, हा या लोकांचा प्राचीन क्रम होता.

तो क्रम कायद्याने मोडला, आणि त्याचा इतिहास या लेखाचे खरे कारण आहे. १८७८ हे वर्ष या मुलुखाच्या रयतेने विसरू नये असे आहे. त्या एकाच वर्षी हिंदुस्थान सरकारचा वनकायदा आला, ज्याने राने राखीव केली, आणि मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला, ज्याने दारू गाळण्याचा अधिकार गावांतून काढून सरकारी नियंत्रणाखालील भट्ट्यांकडे नेला. एका कायद्याने झाड घेतले, दुसऱ्याने फूल. ताडाच्या प्रत्येक झाडावर कर बसला आणि तो चढत गेला. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांच्या रयतेला पुरवायची दारू उरणच्या भट्ट्यांत गाळली जाऊ लागली, आणि त्यासाठी मोह आणला जाई गुजरातेतील पंचमहालातून, जेव्हा कर्जतच्या रानात तोच मोह झाडाखाली सडत होता. त्याही पुढे जाऊन १८९२ साली ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा स्वतंत्र कायदा करण्यात आला, ज्याने ती फुले बाळगण्यावर व वाहून नेण्यावर निर्बंध घातले. कर्जत-खालापूरचा मुलूख आधी ठाणे जिल्ह्यात आणि पुढे कुलाब्यात होता, म्हणजे कोणत्याही बाजूने पाहिले तरी त्या कायद्याच्या कक्षेत होता. दारूच्या बंदोबस्तासाठी लोकांच्या अन्नावर बंदी घालणारा हा कायदा आहे. अबकारीचा महसूल हा सरकारी उत्पन्नाचा केवढा आधार होता, हे त्यावरून समजते. मक्तेदार श्रीमंत झाले. गाळणारा गुन्हेगार झाला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला आणि १९५० पासून संपूर्ण बंदी आणली. त्यामागची प्रेरणा निःसंशय उदात्त होती, गांधीजींच्या विचारातून आलेली होती, आणि ज्या स्त्रियांनी नवऱ्याच्या व्यसनाने संसाराची राख होताना पाहिली त्यांच्या दृष्टीने ती आवश्यकही होती. १९६३ नंतर वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत बंदी शिथिल होत गेली, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम झाले, आणि आजही महाराष्ट्रात पेला उचलणारा मनुष्य त्याच १९४९ च्या कायद्याखाली परवान्याने तो उचलतो. शिथिल झालेल्या कायद्याने कोणाला वाट दिली, हे पाहण्यासारखे आहे. मोठ्या कारखान्याला दिली. साखर कारखान्याच्या मळीपासून मद्यार्क काढणाऱ्याला दिली. पुढे शहरी लहान भट्टीला दिली. साजगावच्या दुकानात जिला देशी म्हणतात ती दारू पश्चिम महाराष्ट्राच्या उसाची आहे. कातकऱ्याच्या मोहाला मात्र वाट मिळाली नाही.

कातकरी हा एके काळी खैराचा कात काढणारा समाज. रान राखीव झाल्यावर तो धंदा बसला, मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, मग विटांच्या. उचल घेऊन वीटभट्टीवर जाणे आणि पावसाळ्यात रिकाम्या हाताने परतणे, या चक्रात दारूचा वाटा मोठा आहे, आणि त्याविषयी हळवेपणाने बोलणे हा अपराध ठरेल. एका वाडीत वयस्क बाईंशी बोलताना त्यांनी मोहाच्या फुलांच्या भाकरीची आठवण सांगितली आणि त्याच दमात आपल्या दोन मुलांच्या पिण्याची कहाणीही सांगितली. पूर्वी सणाला गाळत, आता रोज विकत आणतात, असे त्यांचे सांगणे होते. हातभट्टीच्या विषारी दारूने २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभरांहून अधिक गरीब माणसे दगावली, हे आपण विसरू शकत नाही. गावोगावच्या स्त्रियांनी मतदान करून बाटली आडवी केली, दुकाने बंद पाडली, तो अधिकारही पूर्णपणे न्याय्य आहे. माझे म्हणणे एवढेच की मालवणीत मेलेल्यांना मोहाच्या फुलाने मारले नाही, ताडाच्या रसाने मारले नाही; मिथेनॉल मिसळलेल्या द्रवाने मारले. जेथे बनवणारा शेजारी असतो, त्याचे नाव व घर माहीत असते, तेथे विष घालणे अवघड असते.

दुसरी वाट अशक्य नाही, हे शेजाऱ्यांनी दाखवून दिले आहे. गोव्याच्या काजूफेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशनाचा मान मिळाला, आणि २०१६ मध्ये राज्याने तिला आपले वारसापेय ठरवले. काजूच्या बागेत पाय मळून बोंडू तुडवणारा गोवेकर चोर ठरत नाही, त्याला परवान्याची चौकट आहे. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारशाचा दर्जा देऊन आलिराजपूर जिल्ह्यातील आदिवासींच्या बचतगटाला ती गाळण्यास अनुमती दिली. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली धान्यापासूनच्या दारूसाठी ‘महाराष्ट्र मेड लिकर’ असा नवा वर्ग निर्माण केला. तो राज्यातील उत्पादकांसाठी आहे खरा, पण त्याची कल्पना कारखान्याच्या मापाची आहे. ताड, माड, मोह, नाचणी, कोकम, कर्जतचा तांदूळ यांच्या मापाचा परवाना त्यात नाही.

असा परवाना व्हावा, हे मी मनापासून मागतो. त्यात प्रमाणाची कडक मर्यादा असावी, प्रयोगशाळेची तपासणी असावी, ग्रामसभेची आणि विशेषतः स्त्रियांची संमती असावी, व विक्री त्याच गावाच्या हद्दीत पेल्याने व्हावी. डोंबिवलीच्या भट्टीला आणि कातकरवाडीच्या रांजणाला एकाच खात्याच्या दप्तरात, एकाच सन्मानाने नोंद मिळावी. खोपोलीच्या परिसरात निरीक्षक आहेत, कर्जतला धान्यशास्त्रज्ञ आहेत, पुण्यात जाणते कारागीर आहेत. शिकवणारे आणि तपासणारे सर्व दोन तासांच्या अंतरात राहतात.

२०२१ साली शासनाने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि वाहून नेणे यांवरील जुने निर्बंध उठवले, आणि सुमारे सव्वाशे वर्षांनी झाडाखालचे फूल पुन्हा वेचणाऱ्याचे झाले. आता चैत्रात वाडीतल्या बाया पहाटे टोपल्या घेऊन निघतात तेव्हा त्यांना कोणी अडवत नाही. वाळवलेली फुले त्या व्यापाऱ्याला किलोच्या भावाने विकू शकतात. त्याच फुलांपासून गाळलेला एक पेला मात्र, ताकईच्या यात्रेत सुक्या बोंबलाच्या ढिगाशेजारी असो की आपल्या अंगणात असो, त्यांना कोणाला विकत देता येत नाही.